भिलाईचे पंपघर

भिलाई म्हटले की झोतभट्टी आठवते. पंपघर कोणाला आठवत नाही. प्रशासकीय अहवालांतही उत्पादनाचे आकडे पहिल्या पानावर असतात आणि पाणीपुरवठा परिशिष्टात. माझ्या मते भिलाईचा इतिहास या परिशिष्टापासूनही वाचता येतो.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे. (जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, हे आता आपणच विसरत चाललो आहोत.) ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पाण्याची भिस्त होती ती इंग्रजी अमदानीत शेतीसाठी बांधलेल्या तांदुळा जलाशयावर.

पोलादाला इतके पाणी कशाला? भट्टीत खालून हवा फुंकावी लागते. ते काम ब्लोअरचे. वरून बाहेर पडणारा वायू इंधन म्हणून पुन्हा उपयोगी येतो, पण तो धुळीने भरलेला असतो, म्हणून त्याला पाण्याच्या फवाऱ्याने धुतात. त्याचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास.

आता पंपाविषयी. पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यातले चक्र पाणी कडेला भिरकावते, मध्यभागी दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब खालचे पाणी वर ढकलतो. म्हणूनच पाणी पंपाखाली दहा मीटरहून खोल असेल तर तो कितीही मोठा असला तरी हतबल ठरतो. पंपाने हवा धरली की शेतकरी आधी त्यात पाणी भरतो, त्याचेही कारण हेच. हवा पाण्याहून सुमारे आठशेपट हलकी असते. तेच चक्र, तीच गती, पण दाब नाममात्र. थोडक्यात, पंप निर्माण करतो तो दाबातील फरक. प्रवाह त्या फरकामागे जातो, नकाशावरील बाणामागे नव्हे.

१२ जून २०१४ रोजी सायंकाळी भिलाईत नेमके हेच घडले. दोन क्रमांकाच्या पंपघरात बिघाड झाला व वायू धुणाऱ्या यंत्रणेकडे जाणाऱ्या पाण्याचा दाब कोसळला. नळात वायूला अडवून धरणारे पाणीच दुबळे झाल्यावर वायू त्याच नळातून उलटा पंपघरात शिरला. सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

पाणी एका विभागाचे आणि वायू दुसऱ्याचा, ही वाटणी कोणत्याही मोठ्या कारखान्यात सोयीचीच असते, आणि तिला मी दोष देणार नाही. परंतु तपासणीच्या तक्त्यात पंप चालू आहे की बंद, एवढाच रकाना असतो. पंप थांबल्यास नळातून उलट काय येईल, हा रकाना मी तरी क्वचितच पाहिला आहे. त्या सायंकाळचा बिघाड, पाहणाऱ्याच्या लेखी, पाण्याचा होता.