कात्रीतून उमललेली बाग
१७७२ साली इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी या विधवा बाईंनी कात्री हाती घेतली, तेव्हा त्यांचं वय होतं ७२. कागद कापून, चिकटवून केलेल्या चित्रासाठी 'कोलाज' हा शब्द रुळायला अजून शतकाहून अधिक काळ होता.

मैत्रीण असलेल्या पोर्टलंडच्या डचेसच्या बल्स्ट्रोड या घरी त्या खरं फूल समोर ठेवून बसत. पातळ रंगीत कागदाचे कपटे कापायचे, एकावर एक चिकटवायचे आणि मागे काळा रंग दिलेला कागद. त्या काळ्यावर पाकळीची कडही उठून दिसते! कृष्णकमळाच्या जातीच्या एका फुलात तर २३० हून अधिक कपटे आहेत. काही चित्रांत त्यांनी खरं वाळलेलं पानच चिकटवलं.

हा केवळ विरंगुळा नव्हता. पुंकेसरांची संख्यासुद्धा त्या चुकू देत नसत. फुलांना वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या पद्धतीची नावं देत. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांनी क्यू उद्यानातून त्यांच्यासाठी रोपं पाठवली.

दृष्टी अधू झाली तेव्हा हात थांबला. तोवर ९८५ फुलं तयार होती. १८९७ पासून ती ब्रिटिश म्युझियमकडे आहेत.