संघ उभा राहतो, माणसे टिकतात का?

२४ ऑक्टोबर १८५७. इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोन क्रिकेटप्रेमींनी ‘शेफिल्ड फुटबॉल क्लब’ स्थापन केला. हेतू साधा होता : हिवाळ्यात क्रिकेट बंद असताना शरीराला व्यायाम मिळावा.

सभासद जमले, पण प्रतिस्पर्धी कोठून आणणार? मग सभासदांचेच दोन तट पाडले जात : विवाहित विरुद्ध अविवाहित, व्यावसायिक विरुद्ध उरलेले. (गल्लीतले संघ आजही काहीसे असेच पडतात!) अखेर २६ डिसेंबर १८६० रोजी सँडीगेटच्या मैदानावर शेजारचा हॅलम क्लब समोर उभा ठाकला. शेफिल्डने सामना २-० असा जिंकला.

हे खेळाडू बहुतांशी सुखवस्तू होते. हौसेसाठी वेळ काढणे त्यांना परवडत असे. कामगाराची गोष्ट निराळी. सामन्यासाठी काम बुडाले की मजुरीही बुडे. खरी टंचाई होती ती मोकळ्या वेळेची.

त्यावर तोडगा शेफिल्डमध्येच निघाला. १८७६ मध्ये जेम्स लँग हा स्कॉटिश खेळाडू ‘वेन्सडे’ क्लबकडे आला. त्याला चाकूच्या कारखान्यात नोकरी मिळाली; ती नावापुरतीच, खरे काम मैदानावर!

१८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने मानधनाला मान्यता दिली. शेफिल्ड क्लब मात्र हौशीच राहिला आणि पैसे देणाऱ्या संघांपुढे त्याचा निभाव लागेना. १८९३-९४ च्या हंगामात हौशी संघांसाठी स्वतंत्र चषक सुरू झाला. १९०४ मध्ये तो शेफिल्डने पटकावला.