निफाडचे रानडे आणि आपली टीम

आयटीत माणसाला सर्रास 'रिसोर्स' म्हणतात. मला तेव्हा १८४२ मध्ये निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आठवतात. हा विधवाविवाहाचा पुरस्कर्ता १८७३ मध्ये वडिलांच्या हट्टापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. रमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या बायकांचा विरोध असतानाही त्यांनी त्यांना मराठी शिकवलं, मग इंग्रजी. पुढे तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांना सार्वजनिक सभेच्या कामात घेऊन अर्थकारणात तयार केलं.

१९०१ मध्ये रानडे गेले. त्यानंतर गोखल्यांनी १९०५ मध्ये सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. १९०९ मध्ये रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्याचं सेवासदन उभं राहिलं.

घडवलेली माणसं अशी उशिरा दिसतात. आपलं अप्रेझल मात्र दरवर्षीच होतं, आणि ज्युनिअरला शिकवण्यात गेलेले तास त्यात कुठेच मोजले जात नाहीत.