वेळापत्रक आणि धांवपटू

धांवण्याच्या शर्यतींचा इतिहास सामान्यतः विजेत्यांचीं नांवें आणि त्यांस लागलेला वेळ एवढ्यावरच संपतो. परंतु शर्यत सुरू होण्यापूर्वीं कित्येक महिने कोणा चिटणिसाच्या मेजावर एक कागद तयार होत असतो. कोणती शर्यत कोणत्या दिवशीं, कोणत्या घटकेस आणि कोणत्या शर्यतीमागून व्हावयाची, हें त्या कागदावर ठरतें. धांवपटूची शक्ति, त्याचें आरोग्य, इतकेंच नव्हे तर प्रसंगीं त्याची सदसद्विवेकबुद्धिहि त्या कागदामुळें कसोटीस लागते. १९२४ सालीं पॅरिस येथें भरलेले ऑलिंपिक सामने हें याचें उत्तम उदाहरण होय.

एरिक लिडेल हा स्कॉटलंडचा धांवपटू चीनमधील एका मिशनरी दांपत्याच्या पोटीं जन्मला होता. १०० मीटरची दौड ही त्याची हातखंडा शर्यत. परंतु तिच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलै रोजीं, म्हणजे रविवारीं ठेवल्या असल्याचें त्यास कित्येक महिने आधीं समजलें. रविवार हा ईश्वरोपासनेचा दिवस; त्या दिवशीं आपण धांवणार नाहीं, असें त्यानें सांगितलें व ४०० मीटरची तयारी आरंभिली. १०० मीटरचें पदक त्याचा देशबांधव हॅरोल्ड अब्राहम्स यानें मिळविलें. लिडेल २०० मीटरमध्यें तिसरा आला आणि ११ जुलै रोजीं ४०० मीटरचें अंतर ४७.६ सेकंदांत तोडून पहिला आला. ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र सांघिक टप्प्यांच्या दोन शर्यतींच्या अंतिम फेऱ्याहि १३ जुलै या रविवारींच आल्या आणि त्यांसहि तो मुकला, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं. निष्ठेची किंमत त्यानें एका नव्हे, तीन शर्यतींनीं मोजली.

फिनलंडच्या पावो नुर्मीवरील संकट निराळें होतें. १५०० व ५००० मीटर या दोन्ही शर्यतींच्या अंतिम फेऱ्या एकाच दिवशीं, १० जुलै रोजीं, तासाभराच्या आंत पाठोपाठ ठेवण्यांत आल्या होत्या. नुर्मीनें यावर जो उपाय योजिला, तो त्याच्या करड्या स्वभावास साजेसाच होता. १९ जून रोजीं हेल्सिंकी येथें त्यानें वेळापत्रकाचीच रंगीत तालीम केली. तासाभरांत दोन्ही अंतरें धांवून दोन्हींत जागतिक विक्रम केले. पॅरिसमध्यें तीच गोष्ट पुन्हां घडली. १५०० मीटरचें अंतर त्यानें ३ मिनिटें ५३.६ सेकंदांत कापलें आणि थोड्याशा विश्रांतीनंतर ५००० मीटरमध्यें आपलाच देशबांधव रिटोला यास मागें टाकलें.

नुर्मीचा हा पराक्रम पाहून वेळापत्रकांत दोष नव्हता, असा निष्कर्ष काढणें मात्र मोठ्या चुकीचें ठरेल. १२ जुलै रोजीं, पारा ४० अंशांच्या वर गेला असतां, रानांतून व खाचखळग्यांतून धांवण्याची शर्यत घेण्यांत आली. ३८ जण सुटले; शेवटपर्यंत पोंचले अवघे १५. कित्येक वाटेंतच कोसळले. पहिला आला तो नुर्मीच, आणि तोहि फारसा न थकतां. त्या दिवसानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून कायमची वगळण्यांत आली. वस्तुतः दोष केवळ शर्यतीचा नव्हता, ऋतूचा आणि घटकेचाहि होता. वेळापत्रकाची परीक्षा पहिल्या आलेल्या वीरावरून नव्हे, तर वाटेंत पडलेल्या माणसांवरून करावयास हवी.

आशियाखंडांतहि हा प्रश्न लवकरच उभा राहिला. पहिले आशियाई सामने १९५० सालीं व्हावयाचे होते. तयारी लांबल्यामुळें ते दिल्लीस १९५१ च्या ४ ते ११ मार्चच्या दरम्यान, उन्हाळा तापण्यापूर्वीं भरले. तेथें मुंबईच्या लॅव्ही पिंटो यानें १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. परंतु धांवपटूच्या ऐन उमेदीचीं वर्षें थोडीं असतात. सामने एका वर्षानें पुढें गेले तर आयोजकांचें फारसें बिघडत नाहीं, धांवपटूचें मात्र तें वर्ष परत येत नाहीं.

पुढील काळांत कांहीं सुधारणा झाली खरी. १९९६ सालीं अटलांटा येथें मायकेल जॉन्सन यास २०० व ४०० मीटर या दोन्ही शर्यती धांवतां याव्या म्हणून वेळापत्रकच बदलण्यांत आलें. पण असा मान मोठ्या नांवासच मिळतो. २०१९ सालीं दोहा येथें उकाडा टाळण्यासाठीं स्त्रियांची मॅरेथॉन मध्यरात्रीं सोडली, तरी ६८ पैकीं २८ जणींस ती अर्ध्यावर टाकावी लागली. त्या अनुभवानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडील सप्पोरो येथें नेली गेली, आणि २०२१ सालीं स्त्रियांची शर्यत ऐन वेळीं आणखी एक तास अलीकडे घेऊन सकाळीं ६ वाजतां सोडण्यांत आली.

जें ऑलिंपिकचें, तेंच तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या सामन्यांचें. एका दिवसांत सारें उरकावयाचें म्हटलें कीं, सकाळची प्राथमिक फेरी, दुपारची अंतिम फेरी आणि तिच्या पाठीशीं लागलेली लांब उडी, हें सर्व एकाच मुलाच्या पायांवर येऊन पडतें. त्या मुलापाशीं तालमीसाठीं महिनाभराचा अवधि नसतो, आणि त्याच्यासाठीं कोणी कागद बदलीतहि नाहीं. नुर्मी एखादाच निपजतो. वेळापत्रक आंखावयाचें तें इतरांसाठीं.