पनवेल फ्लेक्शर

पनवेल फ्लेक्शर : उत्तर कोकणातील दख्खन ट्रॅप खडकांना समुद्राच्या बाजूस पडलेला बाक. तो किनाऱ्याला साधारण समांतर असून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचा आहे. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडन यांनी 1949 मध्ये पश्चिम भारतातील भित्तिखडकांवरील निबंधात त्याचे विवेचन केले.

स्वरूप : क्रिटेशस काळाच्या अखेरीस, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, भेगांतून वारंवार वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून काळा पाषाण (बेसाल्ट) तयार झाला. सह्याद्रीत व माथेरानच्या कड्यांत हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेल-मुंबई पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे कलतात. हा कल अनेक ठिकाणी 10 ते 15 अंशांचा आहे. थरांना छेदणारे भित्तिखडकही या पट्ट्यात दाटीने आढळतात. पनवेल तालुक्यातील खाडीकाठचे गव्हाण याच प्रदेशात येते. तेथे बेसाल्टच्या टेकड्यांच्या पायथ्याशी खाडीचा अलीकडचा गाळ साचला आहे.

उत्पत्ती : भारत व सेशेल्स अलग होताना भूकवच ताणले गेले आणि भूखंडाची पश्चिम कड खचली, असे सर्वसाधारणपणे मानतात. मात्र थर प्रत्यक्ष वाकले की उतरत्या विभंगांवरून सरकताना कलले, याविषयी मतभेद आहेत.

जीवाश्म : लाव्हा जमिनीवर पसरल्यामुळे या खडकांत प्रवाळभित्तींचे अवशेष नाहीत. दोन उद्रेकांमधील शांत काळात तळ्यांत साचलेल्या आंतरट्रॅपी थरांत गोड्या पाण्यातील जीव सापडतात. मुंबईत वरळी येथील थरांतील बेडूक व कासवांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत.

सागरी चुनखडक किनाऱ्याच्या पश्चिमेस, खचलेल्या भागावर आहे. मुंबईपासून सुमारे 160 किमी. अंतरावरील ‘मुंबई हाय’मध्ये ट्रॅप व त्याहून जुन्या खडकांच्या पायावर तृतीयक कल्पातील गाळाचे थर साचले. त्यांपैकी मायोसीन काळातील चुनखडक उथळ, उबदार समुद्रातील जीवांच्या कवचांपासून बनला. त्याच्या सच्छिद्र थरांत खनिज तेल साठले आहे. तेल व नैसर्गिक वायू आयोगाला 1974 मध्ये ते सापडले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले.