लिनक्समधून ऑफिसचं व्हीपीएन काढलं, पण त्याची चावी लॅपटॉपमध्येच राहिली तर?

नोकरी बदलली. घरच्या उबंटू लॅपटॉपवर जुन्या ऑफिसचं व्हीपीएन होतं, ते एका कमांडने काढून टाकलं. टर्मिनलने काही कुरकुर केली नाही, प्रोग्रॅम गेला. विषय संपला?

तर नाही. गेला तो फक्त प्रोग्रॅम. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची चावी अजून त्याच लॅपटॉपवर असू शकते. असा लॅपटॉप कुणाला विकला, दुरुस्तीला दिला किंवा चोरीला गेला की खरी अडचण सुरू होते. म्हणूनच लिनक्सवर असं सॉफ्टवेअर टाकताना नेमकं काय कुठे जातं आणि काढताना काय मागे राहतं, हे माहीत असायला हवं.

नेटवर्क क्लायंट म्हणजे काय?

दूरच्या सर्व्हरशी जोडून त्याची सेवा घेणारा प्रोग्रॅम म्हणजे नेटवर्क क्लायंट. ऑफिसची फाइल शेअरिंग सेवा असो की व्हीपीएन, आपल्या बाजूला क्लायंट लागतोच. लिनक्सवर व्हीपीएनसाठी ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड ही दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात. ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे. वायरगार्ड त्या मानाने नवं. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून ते थेट लिनक्स कर्नलचाच भाग झालं. त्यामुळे त्याची फक्त वरची छोटी टूल्स टाकावी लागतात.

टाकायचं कसं?

लिनक्समध्ये बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरमधून येतं. उबंटू आणि डेबियनवर त्याचं नाव ॲप्ट, फेडोरावर डीएनएफ. उबंटूवर आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनव्हीपीएन' एवढं पुरतं. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. सेटिंग्जमधल्या बटणावरून व्हीपीएन चालू-बंद करायचं असेल, तर नेटवर्क मॅनेजरचं ओपनव्हीपीएन प्लगइनही लागतं.

यानंतर ऑफिस एक 'डॉट ओव्हीपीएन' फाइल देतं. ती सेटिंग्जमधून इम्पोर्ट केली की कनेक्शन तयार. या फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता असतो आणि अनेकदा सर्टिफिकेट व खाजगी चावीही असते.

इम्पोर्ट केल्यावर नेटवर्क मॅनेजर कनेक्शनची माहिती 'ईटीसी' फोल्डरमधल्या आपल्या जागेत साठवतो. फाइलमधली सर्टिफिकेट आणि चावी होम फोल्डरमधल्या 'डॉट सर्ट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात. मूळ फाइल डाउनलोड्समध्ये तशीच पडून असते. म्हणजे चावी एक आणि प्रती दोन.

रिमूव्ह आणि पर्जमध्ये फरक काय?

'ॲप्ट रिमूव्ह' प्रोग्रॅम काढतं, पण पॅकेजच्या सेटिंग्जच्या फाइल्स ठेवतं. उद्या तेच सॉफ्टवेअर परत टाकलं तर जुनी सेटिंग्ज मिळावीत, हा त्यामागचा विचार. 'डीपीकेजी'ची यादी पाहिली तर अशा पॅकेजसमोर 'आरसी' ही दोन अक्षरं दिसतात. प्रोग्रॅम काढला आहे आणि सेटिंग्ज शिल्लक आहेत, असा त्याचा अर्थ.

'ॲप्ट पर्ज' पॅकेजची सेटिंग्जही काढतं. मात्र पर्ज होम फोल्डरला हात लावत नाही. 'डॉट सर्ट' आणि डाउनलोड्समधली फाइल दोन्ही जागच्या जागी राहतात. पॅकेज काढल्यावर नेटवर्क मॅनेजरमधलं कनेक्शनही आपोआप पुसलं जात नाही.

मग काढायचं कोणत्या क्रमाने?

१. आधी व्हीपीएन डिस्कनेक्ट करावं.

२. सेटिंग्जमधून ते कनेक्शन डिलीट करावं.

३. मग 'पर्ज' चालवावं. त्यानंतर 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' केलं की आता कुणालाच न लागणारी जोडपॅकेजेसही जातात. मात्र होकार देण्याआधी यादी नीट वाचावी.

४. डाउनलोड्समधली मूळ फाइल आणि 'डॉट सर्ट'मधल्या त्या कनेक्शनच्या फाइल्स हाताने काढाव्यात. ट्रॅशही रिकामी करावी. चावीची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बॅकअपमध्ये असेल, तर तीही पुसावी.

काही कंपन्यांचे क्लायंट पॅकेज मॅनेजरमधून न येता स्वतःच्या इन्स्टॉलर स्क्रिप्टने येतात. अशा वेळी ॲप्टला त्यांचा पत्ताच नसतो. ते बहुधा 'ऑप्ट' फोल्डरमध्ये बसतात आणि अनेकदा तिथेच त्यांची अनइन्स्टॉल स्क्रिप्ट असते. ती न चालवता नुसता फोल्डर उडवला, तर मागे चालणारी सर्व्हिस अर्धवट लटकते.

काढल्यावर इंटरनेटच बंद पडलं तर?

घाबरायचं कारण नाही. वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही, अशा वेळी दोष बहुधा डीएनएसचा असतो. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणं हे डीएनएसचं काम. व्हीपीएन चालू असताना हे काम ऑफिसच्या सर्व्हरकडे गेलेलं असतं. क्लायंट नीट बंद झाला नाही, तर लॅपटॉप त्याच सर्व्हरला विचारत बसतो.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. टर्मिनलमधून ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करावं. तिथून उत्तर येतं आणि वेबसाइटच्या नावाला पिंग केल्यावर येत नाही, म्हणजे बिघाड डीएनएसमध्ये. बऱ्याचदा वायफाय बंद करून पुन्हा जोडलं किंवा लॅपटॉप रीस्टार्ट केला की काम होतं. तरीही झालं नाही, तर 'ईटीसी'मधली 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाइल उघडून पाहावी. उबंटूवर तिथे साधारणपणे १२७.०.०.५३ हा पत्ता असतो. त्याऐवजी ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता दिसला, तर दोष तिथेच आहे.

शेवटचं काम लॅपटॉपवर होत नाही

आपल्याकडची चावी पुसली म्हणून ऑफिसचं कुलूप बदलत नाही. कुठेतरी तिची प्रत राहून गेली असेल, तर त्या प्रतीने दार उघडू शकतं. ओपनव्हीपीएनमध्ये ते सर्टिफिकेट सर्व्हरच्या बाजूने रद्द करावं लागतं. वायरगार्डमध्ये त्या युजरची सार्वजनिक चावी सर्व्हरच्या यादीतून काढावी लागते. दोन्ही कामं ऑफिसचा ॲडमिनच करू शकतो.

म्हणून नोकरी सोडताना आयटी विभागाला एक मेल टाकावा: 'माझा व्हीपीएन ॲक्सेस बंद करा आणि तसं कळवा.' हे उत्तर जपून ठेवलेलं बरं. उद्या त्या चावीवरून काही गडबड झालीच, तर आपण ती परत केली होती हे दाखवायला तेच कामी येतं.