पाण्याखालचा पुरावा आणि कॅमेऱ्याची निवड

इतिहासाच्या साधनांत छायाचित्राचे स्थान काय, याविषयी आता वाद उरलेला नाही. उत्खननात सापडलेली वस्तू जागेवरून हलविण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतलेच पाहिजे, हा पुरातत्त्वातील सर्वमान्य दंडक होय. जमिनीवर हा दंडक पाळणे सोपे असते, कारण एक छायाचित्र बिघडले तर दुसरे घेता येते. पाण्याखाली ती सवड नसते. पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्यात जेवढी हवा, तेवढाच त्याचा वेळ. त्यातच त्याच्या पायाचा धक्का लागून तळाचा गाळ उठला, तर समोरची वस्तू असूनही नसल्यासारखी होते. म्हणून आटोपशीर कॉम्पॅक्ट कॅमेरा पाण्यात न्यावा की लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा न्यावा, हा प्रश्न वरकरणी हौशी मंडळींचा वाटला तरी संशोधकाच्या दृष्टीने तो पुराव्याच्या प्रामाण्याचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ समुद्रकिनाऱ्यावरील अभ्यासकांपुरता आहे असेही नव्हे. पिंपरी-चिंचवड शहर ज्या पवनेचे पाणी पिते, त्याच नदीवरील धरणाच्या जलाशयात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. वर्षातील बरेच महिने ते पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे उघडे पडते. चाकणच्या बाजूस भामा नदीवर भामा-आसखेडचा जलाशय आहे, आणि पश्चिमेकडे मुळशीचा जलाशय तर इ. स. १९२१ पासूनच्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदला गेलेला आहे. ज्या पट्ट्यातील कारखान्यांची आणि वसाहतींची तहान धरणांनी भागविली, त्याच्या सभोवतालच्या गावांचा काही इतिहास धरणांच्या पोटात आहे. त्याची नोंद करावयाची झाल्यास कॅमेऱ्याच्या निवडीचा विचार आधी करावा लागेल. या निवडीमागे दीर्घ अनुभव साठलेला आहे.

प्रथम पाण्याचा स्वभाव ध्यानात घ्यावयास हवा. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून पाहिलेली वस्तू आहे त्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर भासते आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. परिणामी लेन्सचे दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. प्रकाशातील तांबडा रंग सर्वप्रथम शोषला जातो. याशिवाय कॅमेरा आणि वस्तू यांच्यामधील पाण्यात तरंगणारे कण चित्र धूसर करतात. या अडचणींवर मुख्य उपाय एकच, आणि तो म्हणजे वस्तूच्या शक्य तितके जवळ जाणे. जवळ जाऊनही संपूर्ण वस्तू चौकटीत आणावयाची, तर लेन्स विस्तृत कोनाची पाहिजे. पाण्याखालील कॅमेऱ्याचा इतिहास हा बव्हंशी या एका गरजेचा इतिहास आहे.

इ. स. १८५६ मध्ये इंग्लंडातील वेमथ येथे विल्यम थॉम्पसन याने पेटीत बंद केलेला कॅमेरा समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर अस्पष्ट चित्र उमटले. इ. स. १८९३ मध्ये फ्रान्समधील बान्यूल्स येथे लुई बुताँ या प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या भावाने तयार केलेल्या जलरोधक पेटीच्या साहाय्याने पद्धतशीर छायाचित्रण केले आणि इ. स. १९०० मध्ये त्या विषयावर ग्रंथ लिहिला. या दोन्ही प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. कॅमेरा जमिनीवरचाच होता. नवीन होती ती पेटी.

विसाव्या शतकाच्या मध्यास या परंपरेतून दोन घराणी निर्माण झाली. पहिले घराणे पेटीचे होय. हान्स हास याच्या पुढाकाराने तयार झालेली रोलाइमारिन ही पेटी १९५४ च्या सुमारास बाजारात आली. तिच्यात रोलाइफ्लेक्स कॅमेरा ठेवून पाण्यात नेता येत असे. दुसरे घराणे अंगचाच जलरोधक असलेल्या कॅमेऱ्याचे. बेल्जियमच्या झाँ द वूटर्स याने कुस्तोच्या मंडळींसाठी रचलेला कॅलिप्सो हा त्याचा आद्य नमुना. १९६३ पासून जपानच्या निकॉन कंपनीने तो निकोनॉस या नावाने काढला. त्याला वेगळी पेटी लागत नसे, तो हातात मावे आणि शिवाय त्याच्या लेन्सही बदलता येत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर आटोपशीरपणा आणि लेन्सबदल हे दोन्ही गुण त्यात एकवटले होते.

तथापि या समन्वयाला एक मर्यादा होती, आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभा तीच आहे. निकोनॉसची लेन्स बदलता येई, परंतु ती पाण्याबाहेर. एकदा बुडी मारल्यावर जी लेन्स लावलेली असेल तिच्यावरच सारा निर्वाह करावा लागे. मोठ्या कॅमेऱ्याचा जमिनीवरील सर्वांत मोठा गुण, म्हणजे प्रसंग पाहून लेन्स बदलण्याची सोय, पाण्याचा स्पर्श होताच संपुष्टात येतो. निकोनॉसची परंपरा २००१ मध्ये थांबली. ही मर्यादा मात्र पेटीत ठेवलेल्या आजच्या कॅमेऱ्यांनाही तशीच लागू आहे.

भारतातील अनुभवाकडे वळले असता या मर्यादेचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. द्वारकेचे पहिले उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६३ मध्ये केले, झै. दा. अन्सारी आणि म. श्री. माटे यांचा वृत्तान्त १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम जमिनीवरचे होते. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे कार्य १९८१ मध्ये सुरू झाले आणि एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रतळाचा शोध घेण्यात आला. तेथे मोठ्या संख्येने सापडलेले दगडी नांगर हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. त्यांपैकी अनेक त्रिकोणी आकाराचे असून त्यांना तीन छिद्रे आहेत. अशा नांगरावर लेख नसतो, आणि केवळ आकारावरून त्याचा काळ निश्चित करणे कठीण असते. त्यामुळे तो कोणत्या दिशेने पडला आहे, त्याच्या शेजारी काय आहे, तो किती गाळात रुतला आहे, हा परिसरच त्याचा पुरावा ठरतो. एकाच नांगरासाठी परिसराचे विस्तृत चित्र आणि छिद्राच्या कडेवरील झिजेचे निकट चित्र अशी दोन चित्रे लागतात. पहिल्यास विस्तृत कोनाची लेन्स हवी, दुसऱ्यास निकटदर्शी.

गोव्याजवळील सेंट जॉर्ज खडकावर बुडालेल्या जहाजाचे अवशेषही असेच बोलके आहेत. तेथील कौलांवर बासल मिशनच्या कौल-कारखान्याचे नाव आणि १८६५ हा आकडा उमटविलेला आढळला. त्या आकड्यामुळे जहाज त्यापूर्वीचे असू शकत नाही, एवढे निश्चित झाले. येथे छायाचित्राचे काम शिलालेखाच्या ठशासारखे असते. अक्षरांचा उठाव दिसावा म्हणून प्रकाश बाजूने पडावा लागतो. फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असेल तर अक्षरे सपाट दिसतात, आणि पाण्यातील कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके पडतात. यास्तव कॅमेरा कोणताही असो, लांब दांड्यावर बसविलेला स्वतंत्र फ्लॅश अत्यावश्यक मानावा. कॅमेऱ्यावर सारा खर्च करून प्रकाशयोजनेसाठी काहीच न उरविणे ही चुकीची काटकसर होय.

पेटीच्या विश्वासार्हतेविषयी नवख्या माणसास जी धास्ती वाटते, तिचे निरसन भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील कोणताही कुशल जुळारी करू शकेल. दर १० मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. तो थोपविण्याचे काम खाचेत बसविलेली रबरी ओ-रिंग करते, आणि हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये तेल अडविणारी ओ-रिंगही त्याच तत्त्वावर चालते. दाब वाढला की रिंग खाचेच्या कडेवर अधिकच घट्ट बसते. म्हणून धोका खोलीपेक्षा निष्काळजीपणाचा अधिक असतो. रिंगेवर एक केस किंवा वाळूचा कण राहिला, तर उथळ पाण्यातही पेटीत पाणी शिरते. मोठ्या कॅमेऱ्याच्या पेटीस लेन्सगणिक निराळे पोर्ट, म्हणजे पुढचे काचेचे तोंड, लावावे लागते. जितके सांधे अधिक तितक्या रिंगा अधिक, आणि तितकी तपासणीही अधिक. शिवाय अशी पेटी बहुधा एकाच नमुन्याच्या कॅमेऱ्यासाठी घडविलेली असते. कॅमेरा बदलला की तीही निरुपयोगी होते.

आता दोन्ही पक्षांचे बलाबल पाहू. मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूने प्रमुख मुद्दा प्रकाशग्रहणाचा आहे. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ × २४ मिलिमीटर असतो, तर चांगल्या कॉम्पॅक्टमधील तथाकथित एक इंची संवेदक सुमारे १३.२ × ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळात हे अंतर सातपटीहून अधिक आहे. अंधूक पाण्यात मोठ्या संवेदकाचे चित्र स्वच्छ येते. घुमटाकार पोर्ट लावल्यास लेन्सचा मूळचा विस्तृत कोनही कायम राहतो. मात्र घुमटामागे चित्राचे कोपरे रेखीव ठेवण्यासाठी छिद्र लहान करावे लागते, आणि मिळविलेल्या प्रकाशाचा काही भाग त्यात पुन्हा खर्ची पडतो.

कॉम्पॅक्टच्या बाजूचा मुद्दा निराळा आहे. त्याच्या पेटीवर बाहेरून लावावयाच्या लेन्स मिळतात. त्या पाण्यातच चढविता आणि उतरविता येतात. म्हणजे एकाच बुडीत नांगराचा परिसर आणि त्याच्या छिद्राची झीज ही दोन्ही चित्रे एकाच हाताने घेता येतात. नावाने लेन्स न बदलणारा कॅमेरा पाण्यात लेन्स बदलतो, आणि नावाने लेन्स बदलणारा बदलू शकत नाही, असा हा विपर्यास आहे. लहान संवेदकामुळे निकट चित्रात स्पष्टतेची खोली अधिक मिळते, आणि आटोपशीर आकारामुळे पाणबुड्याचे लक्ष आपल्या श्वासावर व तोलावर राहते, हे आणखी दोन लाभ.

या विवेचनावरून निष्कर्ष काढावयाचा तो कामाच्या स्वरूपानुसार काढावा. जेथे स्थळ अगोदर ज्ञात आहे, आखणी पूर्ण झालेली आहे आणि एकमेकांवर चढणाऱ्या शेकडो चित्रांवरून संगणकाने त्रिमित प्रतिकृती उभारावयाची आहे, तेथे मोठा कॅमेरा घ्यावा. अशा कामात लेन्स बदलावयाचीच नसते. ती स्थिर राहणे हाच गुण ठरतो. जेथे काय सापडेल हे आधी ठाऊक नाही अशा प्राथमिक पाहणीत, आणि विभागाचे अर्थबळ बेताचे असताना, बाहेरून लावावयाच्या दोन लेन्स आणि एक स्वतंत्र फ्लॅश यांसह कॉम्पॅक्ट हाच सयुक्तिक पर्याय होय. पवनेच्या किंवा भामेच्या जलाशयासारख्या गाळयुक्त पाण्यात काम पाहणीचेच असणार. तेथे आवश्यक त्या परवानग्या घेऊन आणि प्रशिक्षित पाणबुड्यांसह जाणाऱ्या अभ्यासकाने विस्तृत कोनाची बाह्य लेन्स प्रथम घ्यावी, चित्रात मापपट्टी व दिशादर्शक बाण ठेवावा आणि पाणी ओसरल्यावर त्याच वास्तूची जमिनीवरून चित्रे घेऊन पहिल्या चित्रांशी ताडून पाहावीत. पाण्याखालच्या चित्राची अशी उघड्यावर परीक्षा घेण्याची संधी समुद्रातील अभ्यासकास सहसा मिळत नाही. वाघेश्वराच्या मंदिराजवळ ती दर उन्हाळ्यात पाणी ओसरताच उपलब्ध होते.